हेदरला हवा कायमचा वाफसा

पुण्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मी राहते त्या स्कॉटलंडमधल्या एडिंबरातही जवळपास तेवढाच पडतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांना पटत नाही, कारण इथे सदानकदा भुरभुर चालू असते. दोन्हीकडची बेरीज सारखीच, वाटणी मात्र निराळी. पुण्याचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला बारा महिन्यांत थोडा थोडा येत राहतो. हेदर हे झुडूप या दुसऱ्या तऱ्हेच्या पावसावर पोसलेलं आहे. हेदरच्या पाण्याबद्दल जे काही समजून घ्यायचं आहे, त्याची सुरुवात इथून होते.

ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडचे डोंगर जांभळे होतात, ते याच्या फुलांनी. गुडघ्याएवढं, बारीक पानांचं, वर्षभर हिरवं राहणारं हे झुडूप मैलोन्‌मैल पसरलेलं असतं. शरद ऋतू लागला की ब्रिटनमध्ये, जर्मनीत, नेदरलँड्समध्ये दुकानाबाहेर त्याच्या छोट्या कुंड्या रांगेने मांडतात. आपली मराठी मंडळी हौसेने दोन-तीन घरी आणतात. जानेवारी उजाडेपर्यंत त्यांचा खराटा होतो, आणि मग मला विचारलं जातं, ‘किती दिवसांनी पाणी घालायचं असतं गं याला?’

दिवसांत मोजता येईल असं याचं उत्तर नाही. पण आपल्या शेतकऱ्यांकडे या उत्तरासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. पेरणीच्या दिवसांत पाऊस होऊन गेला की लगेच औत घालत नाहीत. जमीन वाफशावर यायची वाट बघतात. मातीत ओल आहे, पण पाणी साचलेलं नाही, कणाकणांच्या मधे हवा खेळते आहे. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि तो खाली टाकला तर फुटतो. पिकाला ही अवस्था हवीच असते, पण मधूनमधून ती बिघडली तरी बहुतेक पिकं निभावून नेतात. हेदर नेत नाही. त्याला बारा महिने वाफसा लागतो. कोणत्या ऋतूत वाफसा कशामुळे मोडतो, तेवढं कळलं की पाण्याचं वेळापत्रक आपोआप ठरतं.

हेदर एवढं हळवं का, ते त्याच्या मुळांत दिसतं. कुंडीतून रोप अलगद काढून बघा. जाड मुळं जवळपास दिसतच नाहीत. आपल्या डोक्यावरच्या केसाएवढी किंवा त्याहूनही बारीक मुळं एकमेकांत गुंतून त्यांचा नमदा झालेला असतो. बहुतेक झाडांच्या मुळांवर पाणी शोषणारी सूक्ष्म लव असते. हेदरच्या मुळांवर ती नसते. त्याऐवजी एक खास बुरशी या मुळांच्या पेशींमध्येच वस्तीला असते. हेदर तिला साखर पुरवतं आणि ती हेदरला नापीक, आम्लधर्मी मातीतला नत्र काढून देते. इथल्या उघड्या माळांवर, जिथे दुसरं फारसं काही उगवत नाही, तिथे हेदर माजतं ते या भागीदारीच्या जोरावर. पण या सोयीला एक मर्यादाही आहे. मुळं वरच्या वीतभर थरातच पसरतात, खोल जाऊन पाणी शोधत नाहीत. वरचा थर वाळला की ती वाळतात. तोच थर पाण्याने गच्च भरला की हवा संपते आणि ती गुदमरतात.

आता गंमत अशी की यातलं काहीच पानांवर दिसत नाही.

तुळशीला पाणी कमी पडलं की ती मान टाकते. तांब्याभर पाणी घातलं की तासाभरात उभी राहते. जास्वंद, मोगरा, टोमॅटो, सगळे असेच बोलके. हेदरची पानं म्हणजे खवल्यांसारखे किंवा सुईसारखे इवलेसे, जाडसर तुकडे, आणि काड्या तारेसारख्या ताठ. पूर्वी स्कॉटलंडमध्ये या काड्यांचे झाडू बांधत. त्याचं शास्त्रीय नाव कॅलुना, तेही ‘झाडून स्वच्छ करणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं. खराटा जसा पाण्याविना मान टाकत नाही, तसंच हेही टाकत नाही. आतून मरून गेलं तरी आठवडाभर, कधी दोन आठवडे, ते जसंच्या तसं उभं असतं. फुलांचा रंगसुद्धा टिकतो. म्हणून तर सुक्या फुलांच्या गुच्छात हेदर घालतात. तपकिरी झाक दिसते तेव्हा मुळांचा निकाल कधीच लागलेला असतो. पुरतं तपकिरी झालेलं हेदर पाणी घालून परत येत नाही, आणि छाटलं तरी जुन्या लाकडातून सहसा नवीन फूट येत नाही.

माझं पहिलं हेदर तहानेने गेलं. ते मी खिडकीखाली वळचणीला ठेवलं होतं. बाहेर रोज पाऊस, त्यामुळे पाणी घालायचा विचारही मनात आला नव्हता. शेजारच्या आजींनी एक दिवस कुंडी उचलली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. ती रिकाम्या खोक्यासारखी हलकी होती. भिंतीला लागून ठेवलेल्या कुंडीवर पाऊस तिरका येतो आणि बराचसा बाहेरच पडतो. शिवाय हेदरचा पसारा छत्रीसारखा दाट असतो. पडलेलं पाणी कुंडीच्या कडेवरून बाहेर ओघळतं, मातीत फार थोडं मुरतं.

दुसऱ्या वर्षी आई आली होती. घरी तुळशीला जसं रोज पाणी घालायची, तसं तिने प्रत्येक कुंडीला रोज सकाळी घातलं. कुंड्यांखाली बशा मीच ठेवल्या होत्या, फरशीवर डाग पडू नयेत म्हणून. बशीत पाणी साचून राहायचं. दीड महिन्यात दोन हेदर गेली, आणि ती दिसायला अगदी पहिल्यासारखी होती: तोच तपकिरी रंग, तीच कोरडी, ठिसूळ टोकं. आईला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून तिने आणखी घातलं. तिला फार वाईट वाटलं होतं. तिचा दोष नव्हता. तहानेचं मरण आणि बुडण्याचं मरण हेदरच्या पानावर सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडे मेलेली असतात ती मुळं, आणि मूळ मेलं की भोवती कितीही पाणी असो, पान कोरडंच पडणार.

म्हणून पानाकडे बघून पाणी घालायचं नाही. कुंडी उचलायची. पाणी घालून, निथळवून झालं की एकदा उचलून वजन हाताला ओळखीचं करून ठेवा. मग रोज येता-जाता उचलून बघा. चार-पाच दिवसांत हाताला बरोबर कळायला लागतं. जमिनीत लावलेलं असेल तर बुंध्याजवळ बोट दोन पेरं आत घाला. गार, ओलसर लागलं तर झारी परत ठेवा. कुंडीतल्या मिश्रणात नारळाचा काथ्या असेल तर वरच्या रंगावर विसंबू नका. इकडे अशा झाडांच्या मातीत पूर्वी दलदलीतून खणून काढलेला पीट असायचा. पीटचा एक मिलिमीटर थर साठायला साधारण एक वर्ष लागतं आणि त्यात प्रचंड कार्बन अडकलेला असतो, त्यामुळे तो वापरू नये असं आता सगळ्यांना पटू लागलंय. त्याच्या जागी झाडाची कुजवलेली साल आणि कोकोपीट येतं. हे कोकोपीट मुख्यतः भारत आणि श्रीलंकेतल्या नारळांच्या सोडणांचं असतं. त्याचा वरचा थर पटकन वाळून फिका दिसतो आणि खाली चांगली ओल असते. वर बघून पाणी घालणारा इथे हमखास फसतो.

उलट पीट एकदा पूर्ण वाळला की तो पाणी धरतच नाही. कोरड्या पिठाच्या गुठळीवर पाणी ओतलं की ती बाहेरून भिजते आणि आत कोरडीच राहते, तसंच होतं. मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, आकसते, कुंडीच्या कडेला फट पडते, आणि झारीचं सगळं पाणी त्या फटीतून खाली वाहून जातं. आपल्याला वाटतं, खालून पाणी आलं म्हणजे पोहोचलं. अशी हलकी झालेली कुंडी बादलीभर पाण्यात काठापर्यंत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की हुंडी आतपर्यंत भिजली. मग काढून नीट निथळू द्या. दुकानातून आणलेल्या प्रत्येक हेदरला मी लावण्याआधी ही आंघोळ घालते, कारण दुकानात त्याचे काय हाल झाले असतील ते सांगता येत नाही.

हे सगळं बोलताना कोणतं हेदर, हेही बघायला हवं. उन्हाळ्याच्या शेवटी फुलणारं डोंगरावरचं हेदर म्हणजे कॅलुना. हिवाळ्यात, बर्फातसुद्धा फुलणारं आल्प्सकडचं एरिका कार्निया. हे त्यातल्या त्यात सोशिक. एरिका टेट्रालिक्स दलदलीच्या कडेला वाढतं आणि त्याला इतरांपेक्षा जास्त ओल चालते. ‘हेदर दलदलीत वाढतं, मग भरपूर पाणी घाला’ असा सल्ला मिळतो तो या गोंधळातून. दलदलीतही कॅलुना शेवाळाच्या उंचवट्यांवर उभं असतं, खळग्यातल्या पाण्यात नाही. आणि दुकानात शरदात मिळणारं, गुलाबी घंटांनी लगडलेलं एरिका ग्रॅसिलिस मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं. जर्मनीत १ नोव्हेंबरच्या सुमाराला स्मशानात कबरींवर ते हमखास ठेवलेलं दिसतं. कडाक्याच्या थंडीत ते मरणारच. ते गेलं तर पाणी चुकलं म्हणून हळहळू नका.

आता ऋतू. लावायला उत्तम काळ सप्टेंबर ते नोव्हेंबर. जमीन अजून उबदार असते, पाऊस वाढलेला असतो, आणि मुळांना हिवाळ्याआधी हातपाय पसरायला वेळ मिळतो. खालची पानं जमिनीला टेकतील इतपत रोप खाली बसवायचं, लावल्यावर झारीभर पाणी घालून माती बसवायची. पहिलं वर्षभर हुंडीतली मुळं हुंडीतच असतात. बाजूची बाग ओली असली तरी हुंडी कोरडी असू शकते. म्हणून पहिल्या वर्षी पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक रोपाला दोनेक लिटर पाणी, सावकाश, बुंध्याशी. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा हे बरं. जमिनीत दोन वर्षं टिकलेल्या हेदरला मग लांबलेल्या कोरड्या दिवसांशिवाय पाणी लागत नाही. कुंडीतल्याला मात्र कायम लागतं, ते कितीही जुनं झालं तरी.

हिवाळ्यात पाणी घालायचं नाही, असं बहुतेक लोक धरून चालतात. इथेच सर्वाधिक कुंड्या दगावतात. हेदर पानगळीचं झाड नाही. जानेवारीच्या उन्हातही पानांतून पाणी उडत असतं; कमी, पण उडत असतं. अशात चार-पाच दिवस कडाका पडला आणि कुंडीतली माती गोठली, की मुळांना बर्फ शोषता येत नाही. वरून निरभ्र ऊन आणि वारा. खर्च चालू, जमा बंद. याला गारठ्यातला दुष्काळच म्हणायला हवं. डोंगरावरचं रानटी हेदरही यातून सुटत नाही: २००३ साली स्कॉटिश हायलँड्समधल्या ॲबरनेथीच्या जंगलात हिवाळ्याच्या अखेरीस मोठ्या भागातलं हेदर असंच तपकिरी पडून मेलं होतं.

उपाय साधा आहे. थंडीची लाट येणार असं हवामान खात्याने सांगितलं की आदल्या दिवशी कुंड्या उचलून बघायच्या. हलकी लागली तर दुपारी, तापमान शून्याच्या वर असताना पाणी घालायचं, संध्याकाळच्या आत निथळू द्यायचं. गच्च भिजलेली कुंडी गोठली तर मुळांना इजा होते आणि मातीची कुंडी तडकतेही, म्हणून निथळणं महत्त्वाचं. बशा ऑक्टोबरमध्येच काढून टाका आणि कुंडीखाली विटेचे तुकडे ठेवा. गोठलेल्या मातीवर कोमट पाणी ओतायचा मोह होतो, तो टाळा. कुंडी उन्हावाऱ्यातून काढून भिंतीच्या आडोशाला, सावलीत न्या आणि बर्फ वितळायची वाट बघा.

वसंत फसवा असतो. मार्च-एप्रिलमध्ये स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर कोरडा, बोचरा पूर्वेचा वारा सुटतो आणि एप्रिल हा वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यांपैकी एक. थंडी असल्यामुळे आपल्याला तहान लागत नाही, म्हणून झाडालाही लागत नसेल असं वाटतं. पण हेदरला याच वेळी नवी फूट येत असते. मी या दोन महिन्यांत जेवढ्या वेळा कुंड्या उचलते, तेवढ्या उन्हाळ्यातही उचलत नाही. छाटणीही याच सुमाराला, फुलून गेलेल्या टोकांपुरती.

उन्हाळ्याबद्दल फार सांगायला नको, कारण तेव्हा सगळ्यांनाच पाण्याची आठवण असते. सकाळी घाला, बुंध्याशी घाला, कळ्या धरत असताना ओढ पडू देऊ नका. जमिनीवर सालीच्या भुग्याचं दोन-तीन बोटं आच्छादन असेल तर निम्मं काम होतं. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधल्या कनिंग्जबीला पारा ४०.३ अंशांवर गेला, तसले दिवस आले तर छोट्या कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ बघावं लागतं आणि दुपारची सावली द्यावी लागते.

पाणी किती, याइतकाच पाणी कसलं हा प्रश्न आहे. हेदरला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण साडेचार ते साडेपाच. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मीच असतं. स्कॉटलंडच्या नळाचं पाणीही बहुतेक ठिकाणी हलकं आहे. ग्लासगोला तर १८५९पासून लॉख कॅट्रिन या डोंगरातल्या तळ्याचं पाणी मिळतं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडात मात्र जमिनीखाली खडूचा दगड, त्यामुळे पाणी जड. किटलीत पांढरी खपली धरते ना, तीच खपली झारीझारीने कुंडीत जात असते. पुण्या-नगरकडे बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरं बसतं, तसंच. त्यातला चुना मातीचा सामू हळूहळू वर नेतो, मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, कोवळी पानं पिवळी-पांढरी होतात. हेदरचंही नेमकं तेच होतं. मात्र काही जातींची पानं मुळातच सोनेरी असतात, तेव्हा घाबरण्याआधी कुंडीवरची चिठ्ठी वाचा.

पन्हळीच्या तोंडाशी पिंप ठेवून पावसाचं पाणी साठवणं हा सर्वांत चांगला मार्ग. पिंप रिकामं झालं तर नळाचं पाणी घाला. चार वेळच्या जड पाण्याने हेदर मरत नाही, चार आठवड्यांच्या कोरडीने मरतं. फक्त घरात मीठ वापरून पाणी हलकं करायचं यंत्र असेल तर त्याचं पाणी नको, त्यात सोडियम असतो. जड पाण्याच्या गावात राहत असाल तर सरळ एरिका कार्निया लावा. त्याला थोडा चुना चालतो.

जास्त पाण्यातून होणाऱ्या मूळकुजीबद्दलही एक सांगायला हवं. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव मातीतल्या पाण्यातून अक्षरशः पोहत मुळांपर्यंत जातो. माती ओली असूनही झुडपाची एखादी फांदी आधी मळकट, राखाडी आणि मग तपकिरी पडली, तर रोप उपटून मुळं बघा. निरोगी मुळं फिकट आणि चिवट असतात. काळपट, मऊ झाली असतील तर ते रोप मातीसकट काढून टाका आणि त्या जागी पुन्हा हेदर लावू नका. चिकणमातीच्या बागेत वीतभर उंच वाफा करून वर लावलं तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

पुण्या-मुंबईतून विचारणाऱ्यांना मला नाइलाजाने सांगावं लागतं की हे झुडूप तिथे जगणार नाही. पावसाळ्यातली गच्च माती आणि उन्हाळ्यातल्या उकडत्या रात्री त्याला सोसत नाहीत. पण कुंडीत अझेलिया किंवा ब्लूबेरी असेल तर वरचं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं. ती हेदरच्याच कुळातली, तशीच बारीक मुळांची आणि आम्लधर्मी मातीची. आणि आपल्याकडच्या नर्सरीत ‘हेदर’ किंवा ‘मेक्सिकन हेदर’ म्हणून जांभळ्या इवल्या फुलांचं रोप मिळतं, ते क्युफिया. त्याचा हेदरशी काही संबंध नाही. मेंदी, डाळिंब आणि आपलं तामण यांच्या कुळातलं आहे ते. पुण्याचं ऊन त्याला मानवतं, बोअरचं पाणीही बऱ्यापैकी चालवून घेतं, आणि तहान लागली की तुळशीसारखं मान टाकून सांगतं.